बसलेल्या गड्यांची रांग

धानाची कापणी झाली, चुरणं आटोपलं, बांध्यांमधली ओल सुकली की आमच्या झाडीपट्टीत रात्री जागू लागतात. वडशाच्या नाटक कंपन्यांच्या जाहिराती गावोगावच्या भिंतींवर चिकटतात आणि त्यांच्या शेजारी कबड्डीच्या सामन्यांची पत्रकं. पहिलं बक्षीस कोणाकडून, दुसरं कोणाकडून, ढाल कोणाच्या स्मरणार्थ, सगळं त्यात छापलेलं असतं. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, आरमोरी, कुरखेडा, कुठेही जा, माती चाळून, पाणी मारून तयार केलेलं एखादं मैदान डिसेंबर-जानेवारीत दिसतंच. त्या मातीवर मी वाढले. लेफ्ट कॉर्नरला उभी राहायची. पुढे शिक्षिका झाले, गडचिरोलीच्या दक्षिणेकडच्या जंगलातल्या मुलींना खेळवू लागले आणि मी लहानपणी जे नुसतं खेळले होते त्याचा अर्थ तेव्हा कुठे लागायला लागला.

खेळाने माणूस घडतो असं म्हटलं की शिस्त, जिद्द, चिकाटी हे शब्द लगेच येतात. ते खोटे नाहीत. पण पहाटे उठून एकटं धावणाऱ्यालाही जिद्द मिळते, तालमीत जोर-बैठका मारणाऱ्यालाही शिस्त लागते. चार जणांत मिसळून खेळणाऱ्याला त्याहून वेगळं काय मिळतं, हा माझा प्रश्न आहे. आणि कबड्डीपुरतं त्याचं उत्तर मला तिच्या एका नियमात सापडतं.

पूर्वी महाराष्ट्रात हुतुतू तीन तऱ्हांनी खेळला जायचा: संजीवनी, गामिनी आणि अमर. गामिनीत बाद झालेला गडी बाहेरच राहायचा. पूर्ण संघ बाद होईपर्यंत त्याला परत यायची सोय नव्हती. अमरमध्ये कोणी बाहेर जायचंच नाही, फक्त गुण मोजायचे. संजीवनीत मात्र समोरचा एक गडी बाद केला की आपला एक गडी परत आत यायचा. आज जी कबड्डी खेळली जाते ती या संजीवनीचंच रूप आहे. बाद झालेल्या गड्याला स्वतःच्या बळावर परत येता येत नाही. तो कितीही ताकदीचा असो, त्याने रेषेबाहेर बसायचं आणि आतल्या कोणीतरी त्याच्यासाठी गुण आणायचा.

या नियमाला एक पोटनियम आहे, आणि माझ्या मते खरी शाळा तिथे आहे. जो आधी बाद झाला तो आधी परत येतो. क्रम मोडत नाही. समजा, संघातली सगळ्यांत चपळ चढाईपटू तिसऱ्या क्रमाने बाद झाली आहे. तिच्या आधी एक उंचीने लहान, नवखी कव्हर बाद झालेली आहे आणि तिच्याही आधी आणखी एक. आत एक गुण आला, तर उठणार ती पहिली. दुसरा आला तर ती नवखी. सगळ्या गावाला हवी असलेली चढाईपटू तिसरा गुण येईपर्यंत मांडी घालून बसलेली असते. प्रेक्षक तिचं नाव घेऊन ओरडत असतात. ज्या नवखीला आत जायचं असतं तिलाही ते ऐकू येत असतं. आपली वाट कोणी पाहत नाही हे तिला ठाऊक असतं, तरी उठून, हात मातीला लावून ती आत जाते आणि आपली जागा धरते. कारण आता तिने नीट खेळ केला तरच ती तिसरी परत येणार असते.

त्या बसलेल्या रांगेकडे मी फार वेळ पाहत आले आहे. सामना बघणारे सगळे मैदानाकडे बघतात, मी रांगेकडे बघते. पहिल्या वर्षी मुली तिथे मान खाली घालून बसतात. आपण धरले गेलो, आपल्यामुळे एक गुण गेला, याची लाज असते. काही रडतात. दुसऱ्या वर्षी त्याच मुली गुडघ्यावर पुढे झुकून आत काय चाललंय ते बघू लागतात. मग ‘बोनस घे वो’, ‘काहून एकटीच पुढे आली, मागे हो’ असं ओरडू लागतात. बाहेर बसूनही आपण खेळात आहोत हे त्यांना तोवर कळलेलं असतं. हा बदल भाषणाने होत नाही. मी भाषणं करून पाहिली आहेत. बाद होऊन बसायचं, कोणीतरी आपल्याला परत आणायचं, मग आपण आत जाऊन दुसरीला आणायचं, हे पुष्कळदा घडलं की ते अंगात मुरतं.

कॉर्नरची गोष्टही अशीच. चढाई करणारीचा घोटा धरायचा म्हणजे आपण जमिनीवर झेपावायचं. झेपावल्यावर आपल्याला काही दिसत नाही, फक्त तिचा पाय हातात असतो आणि ती आपल्याला मध्यरेषेकडे ओढत नेत असते. शेजारची कव्हर येऊन तिला अडवेल या भरवशावरच ती उडी मारलेली असते. ती आली नाही तर आपण हकनाक बाद. रोवण्याच्या दिवसांत चिखलात वाकलेल्या बायांची रांग एका लयीत मागे सरकते, मान वर न करता शेजारणीचा हात कुठे पोचला ते प्रत्येकीला कळतं; मुलींच्या साखळीत तो अंदाज यायला एक हंगाम लागतो. मला स्वतःला तो यायला त्याहून जास्त लागला असावा. पण एकदा आला की माणसावर विसंबण्याची भीती जाते. आणि ही भीती जाणं म्हणजे काय, हे आश्रमशाळेत काम केलेल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत आदिवासी विकास विभागाचे पाच प्रकल्प आहेत: चंद्रपूर, चिमूर, गडचिरोली, अहेरी आणि भामरागड. त्यांच्या आश्रमशाळांत सहा-सात वर्षांची मुलं पाड्यावरचं घर सोडून राहायला येतात. घरी माडिया किंवा गोंडी, शाळेत मराठी. सिरोंच्याकडे तेलुगू, कोरचीकडे छत्तीसगढी, मुलचेरा-चामोर्शीच्या काही गावांत बंगाली. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो, घरचं कोणी भेटायला येऊ शकत नाही. अशा मुलीच्या लेखी वर्गातला फळा परका, पुस्तकातली भाषा परकी, शिक्षकही परके. वर्गात वर्षभर तोंड न उघडणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. त्यांतलीच एक, मैदानावर कॉर्नरला उभी केल्यावर, सगळ्या साखळीला आवाज देऊन हलवू लागली. शब्द निम्मे माडिया, निम्मे मराठी. बाकीच्या सहा जणींनी ते शब्द उचलले, त्यांत माडिया न येणाऱ्याही होत्या. पुढे तिने वर्गातही हात वर केला. पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे की इतर मुली तिची भाषा शिकल्या.

इथे नाशिकच्या शैलजा जैन यांची आठवण येते. 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत त्या इराणच्या महिला संघाच्या प्रशिक्षक होत्या. मुलींशी नीट बोलता यावं म्हणून त्या फारसी शिकल्या. अंतिम सामन्यात त्यांच्या संघाने भारताला 27-24 असं हरवलं. त्या दिवशी भारत हरल्याचं वाईट वाटलंच. पण एका मराठी बाईने परक्या देशातल्या मुलींचा संघ त्यांच्या भाषेत बांधला याचं मोल मला त्या पदकापेक्षा मोठं वाटतं. नागपूर-अमरावतीकडून भामरागड-एटापल्लीत बदलून येणाऱ्या तरुण शिक्षकांना मी हे आवर्जून सांगते. मुलांना मराठी यायला हवीच, पण मैदानावर तरी आधी आपण माडिया शिकावी.

संघात खेळलं की सगळं चांगलंच होतं असं मात्र मी म्हणणार नाही. 2014 मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली, खेळ टीव्हीवर आला, गावातल्या पोरांना या खेळात पैसा आणि मान दिसू लागला, हे उत्तम झालं. पण त्याबरोबर प्रत्येकाला चढाईपटूच व्हायचं आहे. बॅनरवर फोटो त्याचा, हार त्याला. गावोगावच्या सामन्यांत बक्षिसाची रक्कम वाढली तसे बाहेरचे गडी आणून खेळवणं वाढलं. नाव गावाचं, जर्सी गावाची, आणि वर्षभर संध्याकाळी सराव करणारी गावची पोरं दोरीबाहेर उभी राहून टाळ्या वाजवतात. अशा विजयातून त्या पोरांच्या मनात काय घडत असेल? आपण कामाचे नाही एवढंच. हा खेळाचा अपमान आहे, असं मला स्पष्ट वाटतं.

कबड्डीतच नव्हे, इतरत्रही आपल्याला शेवटी पोचलेलाच दिसतो. 2018 च्या मे महिन्यात ‘मिशन शौर्य’ मोहिमेत चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांची मुलं एव्हरेस्टवर गेली. मनीषा धुर्वे, उमाकांत मडावी आणि त्यांचे तीन सोबती शिखरावर पोचले. जिवती-राजुऱ्याच्या डोंगराळ भागात त्या बातमीने जो आनंद झाला तो मला अजून आठवतो. मोहिमेसाठी निवड मात्र दहा मुलांची झाली होती. उरलेल्या पाच जणांनीही तोच सराव केला होता, तीच थंडी सोसली होती. संघाचा हिशेब मांडायचा तर दहांचा मांडायला हवा.

भांडणांबद्दलही बोललं पाहिजे, कारण संघ म्हटला की भांडण आलंच. सरावानंतर अंधार पडता पडता मुली भांडतात: तू आली नाहीस, तू उशिरा हात सोडलास, तुझ्यामुळे सगळ्या बाद होऊन लोन बसला. पूर्वी मी मध्ये पडून निकाल देत असे. आता देत नाही. धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) गाव ग्रामसभेचे निर्णय बहुमताने न घेता सर्वांच्या सहमतीने घेतं. एकाचाही विरोध असेल तर पुन्हा बोलायचं. याच रीतीने चालणाऱ्या त्या गावाला वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, असा हक्क मिळवणारं ते देशातल्या पहिल्या गावांपैकी एक. बसून, बोलून, कंटाळा येईपर्यंत बोलून एका मतावर येण्याची ही रीत इथल्या मातीत आहे. म्हणून मी मुलींना तसंच बसू देते. जेवणाची घंटा होते, वरण-भात निवतो, कधीकधी स्वयंपाकीण काकू रागावतात. पण हाताने धरलेली साखळी दुसऱ्या दिवशी सैल पडू नये असं वाटत असेल, तर आदल्या संध्याकाळचं बोलणं अर्धवट राहता कामा नये.

चढाईला गेलेल्या मुलीला तीस सेकंद मिळतात. त्यात मागे वळून कोणाचं मत घ्यायला सवड नसते. ती जे ठरवते ते सातही जणींचं ठरतं आणि चुकलं तर सातही जणी भरतात. स्वतःपुरता निर्णय घेणं आणि इतरांच्या वतीने निर्णय घेणं यांतला फरक पंधरा वर्षांच्या मुलीला दुसरीकडे कुठे शिकायला मिळतो? घरी निर्णय वडीलधारे घेतात, शाळेत शिक्षक, पुढे बहुतेक जणींच्या बाबतीत सासर. त्या तीस सेकंदांत मात्र सगळं तिच्या हातात असतं.

म्हणूनच मुली खेळ सोडतात तेव्हा मला फार लागतं. आठवीपर्यंत त्या जोरात खेळतात. नववी-दहावीत एकेक गळू लागते. ‘आता मोठी झाली’ एवढं कारण पुरतं. कोणाला तेंदूच्या हंगामात घरी थांबवतात, कोणाचं लग्न ठरतं, कोणाला हाफ पँटवरून बोलणी खावी लागतात. मुलगे मात्र शाळा सुटल्यावरही गावाच्या संघात खेळत राहतात. त्यांच्यासाठी मंडळं आहेत, रात्रीचे सामने आहेत. गडचिरोली पोलीस दलही दुर्गम भागातल्या तरुणांसाठी कबड्डी-व्हॉलीबॉलच्या स्पर्धा भरवतं. त्यांना बिरसा मुंडांचं आणि 1858 मध्ये चंद्रपूरच्या तुरुंगात फाशी गेलेल्या वीर बाबुराव शेडमाक्यांचं नाव दिलेलं असतं. शाळा सुटलेल्या मुलीला असा मंच शोधावा लागतो.

मुलींना असं मागे ठेवणं आपल्याकडेच आहे असंही नाही. आशियाई स्पर्धांत पुरुषांची कबड्डी 1990 मध्ये बीजिंगला आली. महिलांची कबड्डी यायला 2010 उजाडावं लागलं. वीस वर्षं मुली रेषेबाहेर बसून होत्या, आणि त्यांना आत आणणारा गुण कोणी मिळवत नव्हतं.

तेव्हा थंडीत सामने भरवणाऱ्या झाडीपट्टीतल्या सगळ्या मंडळांना माझी विनंती आहे. या वर्षीच्या पत्रकात मुलींचा गट घाला. त्यांचे सामने दिवसा ठेवा, म्हणजे घरून पाठवायला कोणी नाही म्हणणार नाही. बाहेरगावच्या संघाच्या गाडीभाड्याची आणि मुक्कामाची सोय करा, सोबत येणाऱ्या आईचीही करा. निदान मुलींच्या गटात तरी बाहेरचे गडी आणू नका. आणि बक्षीस देणाऱ्यांनो, पहिल्या बक्षिसातले थोडे पैसे काढून संघातल्या बाराही जणींना बूट द्या, राखीव पाच जणींनासुद्धा.