वळीव येण्याआधी

सातारा
१७ मे

चि. सोनू,


कडकडीत उन्हात बघता बघता अंधारून येतं, ते चार वर्षांच्या पोरीला समजवायचं कसं, असं तू फोनवर विचारलंस. तुझ्या वेळी मी ‘वर म्हातारी हरभरे भरडतेय’ म्हणून मोकळी व्हायचे. गोष्ट गोड होती, पण तू माझ्या पदरात थरथरतच असायचीस. त्याची मला आजही चुटपुट लागते. पोरं घाबरतात ती वळीव अवचित अंगावर आला म्हणून. खरं तर तो सांगून येतो. त्याच्या खुणा तिला ओळखू येऊ देत.

ती इथे माझ्याकडेच आहे, म्हणून परवा तिला चहाच्या आधणापाशी नेलं. वाफेवर ताटली धरली, तर खालून थेंब टपकले. पाऊसही असाच पडतो म्हटलं, तर तिनं विचारलं, “वर पण ताटली आहे?” ताटली नाही, पण वर गार आहे. तापलेल्या जमिनीवरची दमट हवा वर चढते, चढताना फुगते आणि फुगली की गार होते. हे तिला काही पटेना. मग तुझ्या बाबांच्या सायकलचा व्हॉल्व्ह दाबून सुटणारी हवा तिच्या बोटावर सोडली. डोळे मोठे करून म्हणाली, “गार!”

दुपारी ढग दाखवला. दीडला फ्लॉवरच्या गड्ड्याएवढा, तीनला अजिंक्यतारा किल्ल्यापेक्षा उंच. हे ढग दहा-बारा किलोमीटरही चढतात. त्यातून पडणारा पाऊस थोडा वाटेतच सुकतो, तिथली हवा गार, जड होऊन खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून पुढे पसरते. सरीआधी धूळ उडवत येतो तो गार झोत हाच.

वीज चमकली की गडगडाटापर्यंत सेकंद मोजायचे; तीन सेकंदांना एक किलोमीटर. मोजता मोजता पोरं रडायचं विसरतात. मात्र गडगडाट कानावर आला की घरात, झाडाखाली मुळीच नाही, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. इथे समजावत बसू नकोस, दटावूनच सांग.

काल चारला मी भाजी निवडत होते. अंगणात साडीवर कुरडया वाळत होत्या. ही पायरीवर बसलेली, एकदम उठून ओरडली, “आजी, झोत आला!” साडीचं एक टोक तिनं धरलं, एक मी. उचलली तेव्हा कुरडयांवर अजून ऊन होतं.

तुझी,
आई