बूच

माडी किती वेळ टिकते, असं कुणी विचारलं की बाबा उलट विचारत, "कित्याक व्हयी?"

ते खरंच होतं. पहाटे माडावरून उतरवलेली माडी गोड, जिभेला जराशी चुणचुणणारी. पोरंटोरंही चाखायची. दुपारी मडक्याच्या तोंडाशी फेस यायचा, गोडी कमी व्हायची. संध्याकाळी ती चढायची, गिऱ्हाईक तेव्हाचंच. दुसऱ्या दिवशी सकाळी आंबट. उरलीच तर आई ती पिठात घाली आणि आंबोळ्यांना जाळी सुटे. त्यातूनही उरलेली चिनीमातीच्या बरणीत जायची, तोंडाला फडकं बांधून. महिन्याभरात तिचा शिर्को व्हायचा. तो मात्र वर्षानुवर्षं टिकायचा. गावातली ख्रिश्चन मंडळी सणाच्या आधी बाटल्या घेऊन यायची.

आम्ही भंडारी. वेंगुर्ल्याच्या बाजूला आमचे दहा-बारा माड होते. पोय उमलायच्या आधीच बाबा ती दोरीने आवळून बांधत, रोज हलक्या हाताने ठोकत, मग शेंडा कापून खाली मडकं लावत. त्यानंतर रोज पातळ चकती छाटायची. एक दिवस चुकला की रस आटायचा. मडक्याला आतून चुना लावला तर रस आंबत नाही, त्याची नीरा होते. बिनचुन्याच्या मडक्यात तो माडावर असतानाच आंबायला लागतो.

मला मुंबईत नोकरी लागली ते साल १९८४. पहिल्या मे महिन्याच्या रजेनंतर परत निघालो तेव्हा बाबांनी एक बाटली हातात दिली. गिरगावातल्या आत्येने मागितली होती.

"आत्येक सांग, पियाची नाय, शिर्को कर. आणि बूच घट्ट लावू नको हां. ही जित्ती आसा. तिका श्वास व्हयो."

तोंडाला त्यांनी सुक्या केळीच्या पानाचा सैल बोळा बसवला होता. पिशवीत आईने सोलं, कुळथाचं पीठ आणि तिचं एक जुनं लुगडं घडी करून ठेवलं होतं, बाटलीला धक्का लागू नये म्हणून.

दुपारी चारची एस्टी. गाडी हलली तसा वास सुटला. शेजारी पांढऱ्या कपड्यातले एक गृहस्थ होते. त्यांनी नाक आक्रसलं, खिडकी उघडली. मला घाम फुटला. परवाना होता तो बागेचा, पिशवीचा नव्हे, ही भीती होतीच. पण खरं सांगायचं तर भीतीपेक्षा लाज जास्त होती. हापिसात मी वडील बागायतदार आहेत, असं सांगितलं होतं. सावंतवाडीला गाडी थांबली तेव्हा मी दुकानातून रबरी बूच घेतलं आणि अंगठ्याने दाबून बसवलं.

कशेडी घाटात, मध्यरात्रीच्या सुमाराला, ती फुटली. आवाज एवढा की ड्रायव्हरने गाडी बाजूला घेतली. टायर गेला असं त्याला वाटलं. मग वास पसरला.

कंडक्टरने बॅटरी मारली. "कोणाची पिशवी?"

कुणी बोलेना. त्याने माझ्याकडे पाहिलं. "तुमची का हो?"

"नाही. माझी नाही."

मुंबईला उतरताना ती पिशवी सीटखालीच होती. आईच्या लुगड्याचा काठ बाहेर आला होता. मी तिच्यावरून पाय टाकून उतरलो.

गणपतीला घरी गेलो. बाबांनी विचारलं, "आत्येक पावली?"

"हो. गेल्या गेल्या चाखली. खूप गोड लागली म्हणाली."

बाबा कोयती घासत होते. हात थांबला.

"गोड?"

"हो."

"दुसऱ्या दिसाक माडी गोड रवाची नाय, बाबू."

एवढंच बोलले आणि माडाच्या खाचांत पाय रोवत वर चढून गेले. मी खाली उभा. आयुष्यभर ज्या माणसाने माडीचा प्रत्येक तास ओळखला, त्याच्याशी मी माडीबद्दलच खोटं बोललो होतो.

परत निघताना त्यांनी पुन्हा एक बाटली दिली. आत पिवळसर, नितळ शिर्को. बूच त्यांनी स्वतःच दाबून बसवलं.

"हो ने. हो फुटाचो नाय. आणि हेका कोण दारू म्हणूचो नाय."

रागाचा सूर असता तर बरं झालं असतं. पण ते माझी सोय बघत होते.

बाबा गेले, माड दुसऱ्यांकडे गेले. त्या बाटलीतला चार बोटं शिर्को अजून माझ्या डोंबिवलीच्या स्वयंपाकघरात आहे. रंग गडद झालाय, वास तसाच. बघणारे विचारतात, हे काय? आता मी सांगतो, "माडीचा शिर्को. माझे बाबा माडी काढायचे."

कशेडीत हेच सांगायचं होतं.