एक चहा, दोन बशा

गिरगावातल्या खोताच्या वाडीत शिरले, की लाकडी जिन्यांची घरे दिसण्याआधी अनंताश्रमातल्या माशाच्या कालवणाचा वास सामोरा येई. पगाराच्या दिवशी वडील मला तिथे नेत. सुरमईची तुकडी माझ्या पानात. स्वतः नुसता कालवण-भात घेत. म्हणत, “मला काट्यांचा कंटाळा!” (सुरमईला काटे ते किती असतात, हो?) मग धोबीतलावापर्यंत पायी. बास्तानी इराण्याच्या संगमरवरी मेजावर एक चहा, दोन बशा.

अनंताश्रम बंद झाला. बास्तानी २००४ साली मिटला. समोरचा १९०४ पासूनचा कयानी मात्र अजून आहे. परवा नातवाबरोबर तिथे गेलो. त्याने ब्रून-मस्का आणि दोन चहा मागवले. मी आपली सवयीने बशी पुढे सरकवली.