टोपलीचं बूड

गडचिरोलीतल्या भामरागडचे फोटो जगात पुष्कळ फिरले आहेत. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती यांच्या संगमाचे आहेत. 2019 च्या पावसाळ्यात गावात पाणी शिरलं, तेव्हाचे आहेत. जवळच्या हेमलकशाचे तर विचारूच नका. बाबा आमट्यांनी 23 डिसेंबर 1973 रोजी तिथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि पुढे डॉ. प्रकाश आमट्यांचे बिबट्यांसोबतचे फोटो घरोघरी पोचले. 1995 मध्ये मोनॅकोसारख्या चिमुकल्या देशाने प्रकाश आणि मंदाकिनी आमट्यांवर टपाल तिकीट काढलं. आणि चेहरे. माडिया बाईच्या गळ्यातल्या मण्यांच्या माळा, कपाळावरचं गोंदण, म्हाताऱ्याच्या सुरकुत्या. कॅमेरा घेऊन येणारा प्रत्येक जण चेहरा घेऊन गेला.

त्या चेहऱ्यांच्या हातात, काखेत, डोक्यावर टोपली असते. फोटोत ती बहुतेक वेळा कडेला अर्धी कापलेली किंवा धूसर असते. माझं आयुष्य त्या कापलेल्या टोपलीभोवती फिरत आलं आहे, म्हणून तिच्याविषयी लिहिते.

वडील शिक्षक, म्हणून आमचं बिऱ्हाड इथे होतं. आठवडी बाजारात आई टोपली घ्यायची, तेव्हा ती आधी उपडी करायची. वरून सगळ्याच टोपल्या देखण्या असतात, खरं काम बुडाला कळतं. मधोमध जिथे कामट्या एकमेकींवर आडव्या-उभ्या बसवून विणीला सुरुवात केलेली असते, तिथे ती अंगठा दाबून बघायची. मग टोपली आभाळाकडे धरून आतून पाहायची. कोसरीसारखं बारीक धान्य ठेवायचं तर विणीतून उजेडाचा ठिपकासुद्धा दिसता कामा नये. मोहफुलं वेचायला न्यायची असेल, तर फटी चालतात, उलट हव्याच, वारं खेळतं. मग काठावरून बोट फिरवायचं, कूस टोचते का ते बघायला. शेवटी टोपली कमरेला लावायची आणि एकदा नाकाजवळ न्यायची. बुरशीचा वास लपत नाही. विकणारी बाई हे सगळं शांतपणे होऊ द्यायची. भाव त्यानंतर.

फोटो म्हणजे तेव्हा मोठी गोष्ट. त्यासाठी अहेरी-आलापल्लीला जायचं, स्टुडिओतल्या रंगवलेल्या महालाच्या पडद्यापुढे ताठ बसायचं. रोलमध्ये 36 फोटो, ते धुऊन येईपर्यंत वाट बघायची. त्यातला एक फोटो टोपलीवर खर्च करावा, असं कोणाच्या स्वप्नातही आलं नसतं. टोपली घरात होती, चुलीवरच्या माळ्यावर धुराने काळी-तपकिरी होत होती. तिचा फोटो कशाला?

शिकायला नागपूरला गेले आणि टोपली मला काचेआड भेटली. तिथलं मध्यवर्ती संग्रहालय 1863 सालचं, नागपूरकर त्याला अजब बंगला म्हणतात. तिथे गोंडांच्या वस्तू मांडलेल्या. मी कितीतरी वेळ उभी राहिले. वस्तू नीट दिसत होती, पण ती उपडी करून बघता येत नव्हती. पुढे ग्रंथालयात व्हेरिअर एल्विनचं 1951 चं मध्य भारतातल्या आदिवासी कलेवरचं पुस्तक हाती लागलं. त्यात पहिल्यांदा दिसलं की कोणीतरी लाकडी फण्यांसारख्या वस्तूंकडे कॅमेरा वळवला होता, त्यांची नक्षी दिसेल असा. मला त्या माणसाबद्दल आदर वाटला, आजही वाटतो. फणी ज्याने कोरली त्याच्याबद्दल मात्र पानावर फार काही सापडत नाही. ही रुखरुख तेव्हाच लागली.

वस्तूचा फोटो काढणं ही गोष्ट फोटोग्राफीइतकीच जुनी आहे. इंग्लंडमधल्या विल्यम हेन्री फॉक्स टॅलबटने 1844 पासून भागाभागांनी छापलेल्या आपल्या पुस्तकात फळीवर मांडलेल्या चिनीमातीच्या भांड्यांचा फोटो घातला. त्याचं म्हणणं असं की, यादी लिहायला जेवढा वेळ लागतो त्याहून फारसा जास्त वेळ चित्राला लागत नाही, आणि भांडी चोरीला गेलीच तर हे चित्र कोर्टात पुरावा म्हणून उभं राहू शकेल. पुरावा! विकण्यासाठी काढलेल्या फोटोबद्दल मला हाच शब्द सगळ्यांत जवळचा वाटतो. ज्याला वस्तू हातात घेता येत नाही, त्याच्यापुढे आपण पुरावा ठेवत असतो.

मी परत आले, त्यानंतर काही वर्षांनी बचत गटातल्या बायांच्या टोपल्या, सुपं, परड्या ऑनलाइन विकायचं ठरलं. विणणाऱ्यांत बुरूड आहेत, माडिया आहेत. फोटोंचं काम माझ्याकडे आलं. साधन म्हणजे मोबाइल, एक जुनं पांढरं धोतर आणि पांढरा पुठ्ठा. मोठ्या ऑनलाइन बाजारांचे नियम वाचले. ॲमेझॉनवर मुख्य फोटोची पार्श्वभूमी शुद्ध पांढरी लागते आणि वस्तूने चौकटीचा 85 टक्के भाग व्यापावा लागतो. नियम वाईट नाही, हजार वस्तूंच्या रांगेत नजर ठरायला त्याचा उपयोग होतो. पण वाळलेल्या मानवेलाचा फिका पिवळा रंग पांढऱ्यावर विरून जातो. त्यात मोबाइल जे काही समोर दिसेल ते मध्यम करड्या उजेडाचं आहे असं धरून चालतो, त्यामुळे पांढरं धोतर मळकट येतं आणि टोपलीही त्याबरोबर काळवंडते. पडद्यावर टोपलीला बोट लावून उजेड हाताने थोडा वाढवायचा. काळ्या घोंगडीवर ठेवली तर उलट, उजेड कमी करायचा. म्हणून पहिला फोटो पांढऱ्यावर, नियमाप्रमाणे, आणि बाकीचे घोंगडीवर किंवा शेणाने सारवलेल्या अंगणात. तिथे टोपलीचा रंग खरा उठतो.

झाडाखाली मात्र फोटो काढू नये. मोहाखालची सावली डोळ्याला गार वाटते, पण तो उजेड पानांतून गाळून आलेला असतो आणि वाळलेली टोपली हिरवट दिसते. हिरवा रंग तर आमच्या मालाचा मोठा प्रश्न. ताज्या बांबूची टोपली हिरवीगार, मोहक असते. फोटो फार छान येतो. आठवड्या-दोन आठवड्यांत ती पिवळी पडते, आणि मागवणाऱ्याच्या हाती पडते ती पिवळी. त्याला फसवलं गेल्यासारखं वाटणारच. म्हणून टोपली पूर्ण वाळल्याशिवाय फोटो काढायचा नाही, असं ठरवलं. बायांना हे सांगावं लागलं नाही. ओल्या बांबूला बुरशी धरते हे त्या माझ्याआधीपासून जाणतात.

उजेड एका बाजूने यावा. समोरून पडला, विशेषतः मोबाइलचा फ्लॅश, की वीण सपाट होते. उंचसखलपणा दाखवणाऱ्या बारीक सावल्याच पुसल्या जातात. दाराच्या आत, उंबऱ्यापासून हातभर मागे टोपली ठेवली आणि दुसऱ्या बाजूला पांढरा पुठ्ठा उभा केला, तर एकेक कामटी मोजता येते. दार उत्तरेचं असेल तर ऊन थेट आत येत नाही, असं सगळीकडे सांगतात. आमच्याकडे ते वर्षभर खरं नाही. मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत भामरागडला दुपारचा सूर्य डोक्यावरून जरा उत्तरेला झुकलेला असतो. तेव्हा दारावर धोतर बांधायचं. मोबाइल टोपलीच्या फार जवळ न्यायचा नाही, नाहीतर पुढचा काठ फुगून मोठा दिसतो आणि बूड बारीक. दोन पावलं मागे यायचं आणि तिथून झूम करायचा. काच आधी पदराने पुसायची. एवढं पुरतं. महागड्या दिव्यांची गरज मला कधी वाटली नाही.

सगळ्यांत मऊ, सगळ्यांत खरा उजेड इथे पावसाळ्यात असतो. आभाळ भरलेलं, सावली कुठेच कडक नाही, बांबूचा प्रत्येक धागा दिसतो. आणि नेमका तेव्हाच पर्लकोटेच्या पुलावरून पाणी जातं, आलापल्लीचा रस्ता तुटतो, वीज आणि नेटवर्क दोन्ही बेभरवशाचे होतात. फोटो काढायला उत्तम महिने आणि पार्सल पाठवायला अशक्य महिने इथे एकच आहेत. त्यामुळे पावसाळ्यात वाळल्या मालाचे फोटो काढून ठेवायचे आणि रस्ता मोकळा झाला की दुकान भरायचं, असं आमचं वर्ष बसलं. परत येणारं पार्सल हा इथे नुसता पैशांचा तोटा नसतो. पेरमिली, ताडगाव करत जंगलातून गेलेली टोपली त्याच रस्त्याने परत येते, चेपलेली, आणि ती विणणारीला ते बघावं लागतं. "आवडली नाही का?" एवढंच ती विचारते. काय सांगायचं? अनेकदा टोपली आवडलेलीच असते. फोटोवरून ती मोठी वाटली होती, इतकंच.

तेव्हा मला आईचं बाजारातलं टोपली बघणं आठवलं, आणि फोटोंचा क्रम आपोआप ठरला. टोपली उपडी, बूड समोर. मग आतून, आभाळाकडे धरलेली, वीण घट्ट की सैल ते दिसेल अशी. मग काठ, जवळून. मग कमरेला लावलेली, म्हणजे आकार कळेल. वीतभर, हातभर या मापांना कोणी फसत नाही, सेंटिमीटर वाचूनही माणूस चुकतो. वास फोटोत येत नाही, तो शब्दांत लिहायचा: चुलीवरच्या माळ्यावर ठेवली होती, धुराचा वास महिनाभर राहील. एखादी कामटी जुन्या डागाची असेल तर डागही दाखवायचा. डाग दाखवलेली टोपली विकली जाते. परत येत नाही.

कमरेला टोपली लावली की तिथे माणूस आला. आणि माणूस आला की मागणी सुरू होते: बाई हसरी हवी, माळा घातलेली हवी, गोंदण दिसलं तर बरं, मागे जंगल. एका ओळखीच्या व्यापाऱ्याने मला सुचवलं होतं की, मृतांच्या आठवणीसाठी माडियांनी उभे केलेले दगड मागे घेऊन टोपल्यांचे फोटो काढा, शहरात खपतील. मी नाही म्हटलं आणि आजही म्हणेन. ते दगड कोणाचा तरी बाप, कोणाची तरी आई आहेत. पूजेच्या वस्तू, गोटुलातल्या, म्हणजे गावाच्या सामुदायिक घरातल्या वस्तू याही चौकटीबाहेर. विणणारीला स्वतःचं नाव, चेहरा दुकानात द्यायचा असेल तर तो नक्की द्यावा, तो तिचा हक्क आहे आणि काचेआडच्या त्या टोपलीला तो मिळाला नव्हता. पण तिने फोटो पाहून, तो कुठे लागणार हे समजून होकार द्यायचा. आमच्याकडे काही जणींनी नाव दिलं, चेहरा नाही. एकीने फक्त हात दिले. त्या हातांचा फोटो आमच्या दुकानात आहे: अंगठ्यावर कोयत्याचे जुने वण आणि बोटांत अर्धी विणलेली परडी. इतका सुंदर फोटो मी दुसरा काढलेला नाही.

आता गटातल्या मुलीच फोटो काढतात. त्यांचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे आणि टोपली कुठून बघायची हे त्यांना शिकवावं लागत नाही, लहानपणापासून त्या बाजारात तेच बघत आल्या आहेत. मी फक्त काच पुसली का, एवढं विचारते.

तुमच्याकडे एकच विनंती. गडचिरोलीची, चंद्रपूरची, कुठचीही हाताने विणलेली टोपली ऑनलाइन घ्यायला निघालात आणि तिथे बुडाचा फोटो नसेल, तर तो मागा. आणि पावसाळ्यात मागवलीत, तर पुलावरचं पाणी उतरेपर्यंत थांबा.