छत्तीस टक्क्यांचा गुडघा

"मोटारसायकलचा अपघात झाल्यावर काय करावं, उपचार आणि विमा दोन्ही, सोप्या भाषेत लिहा," असं संपादकांनी सांगितलं आणि मी लगेच हो म्हटलं. त्यानंतर तीनदा लिहायला बसलो. तिन्ही वेळा एका माणसाच्या डाव्या गुडघ्यापाशी येऊन थांबलो. तेव्हा आधी तो गुडघा सांगतो, मग जमेल तेवढं बाकीचं.

पुणे-बंगळूर महामार्गालगतच्या एका तालुक्याच्या गावात गेली सत्तावीस वर्षं मी हाडांचं रुग्णालय चालवतो. आमच्याकडे अपघातांचा हंगाम असतो. कारखान्यांचे बॉयलर पेटले की उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रस्त्यावर येतात. ट्रॉलीला मागे दिवा नसतो. रेडियमची पट्टी असली तरी बाहेर लोंबणाऱ्या पाल्याखाली झाकलेली असते. पंक्चर झालेली ट्रॉली रात्री तशीच कडेला उभी राहते आणि कामावरून परतणारा दुचाकीस्वार मागून तिच्यावर आदळतो.

हा माणूस फरशी बसवायचा. वय चौतीस. बंगल्याचं काम आटोपून जानेवारीतल्या एका रात्री घरी निघाला होता. डोक्यावर हेल्मेट होतं म्हणून तो माझ्यापर्यंत जिवंत पोचला. २०२२ साली देशात १,६८,४९१ माणसं रस्त्यावरच्या अपघातांत गेली, आणि हेल्मेट नसल्यामुळे दगावलेल्या चालकांची नि मागे बसणाऱ्यांची संख्या ५०,०२९ होती. हा आकडा मी ओपीडीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावला आहे. त्याखाली बसलेले नातेवाईक बाहेर पडून हेल्मेट हँडलला अडकवतात आणि गाडीला किक मारतात.

त्याचं नडगीचं हाड वरच्या टोकाला फुटलं होतं. मांडीचं हाड ज्या पसरट टोकावर टेकतं, त्याला आम्ही प्लॅटो म्हणतो. ताटली समजा. टोरांटोच्या शाट्झकर यांनी या ताटलीच्या फुटण्याचे सहा प्रकार लावून दिले आहेत. हा सहावा होता. ताटली दोन्ही बाजूंनी फुटलेली, शिवाय खालच्या दांड्यापासून सुटलेली. पोटरी दगडासारखी टणक लागत होती. अशा पायात आतला दाब वाढत जातो आणि काही तासांत स्नायू मरू लागतात. म्हणून रात्रभर दर तासाला बोटं हलवून पाहिली, नाडी पाहिली. बाहेरून सळ्या लावून पाय स्थिर केला आणि सूज उतरण्याची वाट पाहिली. ही वाट पाहणं नातेवाइकांना पटत नाही. "चार दिवस झाले, नुसतं झोपवून ठेवलंय, ऑपरेशन का करत नाही?" सुजलेल्या कातडीवर चीर दिली तर जखम मिटत नाही आणि आत पू होतो. अकराव्या दिवशी दोन प्लेटा टाकल्या. ताटलीचा खचलेला भाग उचलून त्याखाली कमरेचं हाड भरलं.

त्याचा सहा महिन्यांनंतरचा एक्स-रे मी आमच्या संघटनेच्या सभेत दाखवला होता. सांधा मिलिमीटरभरही खचलेला नव्हता. मला त्या कामाचा अभिमान होता आणि आजही आहे. तो काठीशिवाय चालत होता, जिना चढत होता, गाडीही चालवत होता. मी फाइलवर 'उत्तम' लिहिलं. तेव्हा त्याची बायको म्हणाली, "डॉक्टरसाहेब, ह्यांना खाली बसता येत न्हाई. मग बरं झालं म्हणजे काय झालं?"

फरशीचं काम उकिडवं बसून होतं. एका गुडघ्यावर रेलायचं, दुसरा छातीशी दुमडायचा, सिमेंटवर फरशी ठेवून हातोड्याने हलके ठोकत लेव्हल साधायची, मग तसंच सरकत मागे जायचं. दिवसभर. त्याचा गुडघा काटकोनाच्या थोडा अलीकडेच अडत होता. खुर्चीवर बसायला तेवढं पुरतं. जमिनीवर बसायला पुरत नाही.

पुढे दाव्यासाठी अपंगत्वाचा दाखला हवा होता. इथे मी थोडा तांत्रिक होणार आहे, पण वाचकांनी सोबत राहावं, कारण माणसाचं पुढचं आयुष्य या गणितावर ठरतं. केंद्र सरकारची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. २००१ साली ती राजपत्रात आली, २०१८ साली सुधारली गेली. त्यांत पायाचे दोन भाग करून मोजतात. पहिला भाग हालचालीचा: सांधा जेवढे टक्के कमी हलतो, त्याला ०.३० ने गुणायचं. याच्या गुडघ्याची हालचाल तीस टक्के गेली होती, म्हणून ९. दुसरा भाग स्थैर्याचा. सपाट जागी चालणं, उतारावर चालणं, जिना चढणं, दोन्ही पायांवर उभं राहणं, दुखऱ्या पायावर उभं राहणं, वळणं, उकिडवं बसणं, मांडी घालणं, गुडघे टेकणं अशा नऊ क्रिया, प्रत्येकीला दहा. याच्या शेवटच्या तीन गेल्या, म्हणून ३०. मग दोन्हींची सांगड घालायची. त्यांची सरळ बेरीज होत नाही. मोठ्या आकड्यात, धाकट्याला नव्वदातून उरलेल्या भागाने गुणून आणि नव्वदाने भागून मिळवायचं. ३० अधिक ९ गुणिले ६० भागिले ९०. उत्तर ३६.

दाखल्यावर मी ३६ टक्के लिहिलं, डाव्या पायाचे.

पाहा, उकिडवं बसण्याला दहा आणि उतारावर चालण्यालाही दहा. कुणाच्याही पायाला तेच. बँकेत टेबलाशी बसणाऱ्याचा गुडघा असाच अडला असता तर त्यालाही मी ३६ लिहिलं असतं, आणि तो सोमवारी कामावर गेला असता.

दाखला हातात पडल्यावर त्याचा थोरला भाऊ आत आला. "चारच टक्के वाढवा की साहेब. चाळीस झालं तर काम हुतंय." मी नकार दिला. चाळीसची अट सरकारी सवलतींसाठी असते, ते कार्ड सरकारी मंडळ देतं, माझ्या दाखल्याने ते मिळत नाही, आणि नुकसानभरपाईच्या दाव्याला चाळीसची कसलीही अट नाही, हे सगळं समजावून सांगितलं. ही गल्लत गावोगावी आहे. एसटीच्या तिकिटातली सवलत आणि अपघाताचा दावा लोकांच्या डोक्यात एकच होऊन बसले आहेत. तो उठून गेला. मी त्यांचं काम अडवलं असंच त्याला वाटलं असणार.

पैसे घेऊन टक्के वाढवणारे डॉक्टर आहेत. ज्या रुग्णावर कधी हात ठेवला नाही त्याला साठ टक्के लिहून देणारे आहेत. आमच्या धंद्याला त्यांनी लावलेला हा डाग मला रोज टोचतो, कारण त्यांच्यामुळे खरा दाखला घेऊन उभा राहणाराही संशयित ठरतो. उलट बाजूला, समोर आलेला प्रत्येक आकडा अर्ध्यावर आणणारेही आहेत.

त्याच्या दाव्यात न्यायाधिकरणापुढे साक्षीला गेलो. सकाळी अकराला बोलावलं होतं, पुकारा झाला पावणेचारला. उलटतपास पाच मिनिटांचा झाला. रुग्ण चालू शकतो? हो. जिना चढू शकतो? हो. दुचाकी चालवू शकतो? हो. ३६ टक्के हे फक्त डाव्या पायाचे आहेत, संपूर्ण शरीराचे नव्हेत? बरोबर. त्याच्या स्वतःच्या वकिलांनी काहीच विचारलं नाही. मीही विचारल्यापेक्षा जास्त बोललो नाही. साक्षीदाराने तेवढंच बोलावं अशी समज घेऊन मी इतकी वर्षं त्या पिंजऱ्यात उभा राहत आलो होतो. खाली उतरलो, सही केली, ओपीडी खोळंबली होती म्हणून घाईने निघालो.

निकालात पायाच्या ३६ टक्क्यांचा एक तृतीयांश, म्हणजे शरीराचे १२ टक्के धरले होते. कमाईचा पुरावा नव्हता, म्हणून महिना १०,००० रुपये धरले. वर्षाचे एक लाख वीस हजार. स्वतःचा धंदा करणारा आणि चाळिशीच्या आतला, म्हणून पुढच्या वाढीचे ४० टक्के मिळवून १,६८,०००. या वयाला गुणक १६, म्हणून २६,८८,०००. इथपर्यंत सगळं सर्वोच्च न्यायालयाच्या सरला वर्मा आणि प्रणय सेठी या निकालांप्रमाणे. मग त्याचे १२ टक्के: ३,२२,५६०. आयुष्यभराच्या कमाईच्या नुकसानापोटी एवढी रक्कम. तेच नुकसान निम्मं धरलं असतं तर १३,४४,००० झाले असते. उपचाराचा खर्च, वेदना वगैरे वेगळं, ते मी सांगत बसत नाही.

पायाच्या टक्क्यांवरून कमाईचं नुकसान कसं काढायचं हे ज्या निकालाने शिकवलं, तो सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मी त्यानंतर मुळातून वाचला. 'राजकुमार विरुद्ध अजय कुमार', ऑक्टोबर २०१०. चीज विकणाऱ्या माणसाच्या पायाचं प्रकरण. दाखल्यावर पायाचे ४५ टक्के होते. न्यायालयाने शरीराचे २५ धरले आणि कमाईचं नुकसान २०. वकील मंडळी एवढे आकडे लक्षात ठेवतात. पण त्या निकालाचा गाभा आकड्यांत नाही. पायाचं अपंगत्व, शरीराचं अपंगत्व आणि कमाईचं नुकसान या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, असं तिथे स्वच्छ लिहिलं आहे. डावा हात गेलेला सुतार किंवा ड्रायव्हर जवळपास शंभर टक्के कमाई गमावतो, आणि तोच हात गेलेला सरकारी कारकून कदाचित नोकरीवर राहतो, हे उदाहरणही तिथलंच. डॉक्टरांनी अपंगत्वापुरतं सांगावं, कमाई किती गेली हे न्यायाधिकरणाने ठरवावं. त्यासाठी आधी पाहावं की माणूस काय करू शकतो आणि काय करू शकत नाही, अपघातापूर्वी त्याचा धंदा काय होता, आणि आता तो दुसरं काही करून पोट भरू शकेल का. डॉक्टरांना तासन्‌तास तिष्ठत ठेवू नये, हेही त्याच निकालात आहे.

'काय करू शकत नाही' हे न्यायाधीशांना कोण सांगणार? तो माणूस सांगतो, पण तो दावेदार, त्याचं म्हणणं फुगवलेलं समजतात. ते मी सांगायला हवं होतं. गुडघा उघडून आत पाहिलेला त्या खोलीत मी एकटाच होतो. मी ३६ सांगितलं. तो आकडा खरा होता, आणि माझ्या तोंडून आलेल्या त्या खऱ्या आकड्यानेच त्याचं नुकसान केलं. चार टक्के वाढवले नाहीत याचं मला आजही वाईट वाटत नाही. "तो उकिडवा बसू शकत नाही आणि फरशीचं काम बसून होतं," हे एक वाक्य मी बोललो नाही, हे मात्र जात नाही.

संपादकांनी मागितलेलं बाकीचंही सांगतो. जखमी माणूस रुग्णालयात पोचला की पोलिसांना कळवलं जाईल अशी एमएलसी नोंद आग्रहाने करून घ्या. "पोरगा घसरून पडला" असं सांगून ती टाळणारे पालक पुढे दाव्यासाठी माझ्याकडेच कागद मागायला येतात. उघड्या जखमेत हळद भरू नका. हाड जुळत असताना मालिशवाल्याकडे नेऊ नका. जखमीला रुग्णालयात पोचवणाऱ्या माणसाला कायद्याने संरक्षण आहे, त्याला अडकवता येत नाही. अपघातानंतरच्या सात दिवसांत दीड लाखापर्यंतच्या रोकडरहित उपचारांची केंद्राची योजना २०२५ पासून आली आहे. रुग्णालयात तिची चौकशी करा. दाव्यासाठी सहा महिन्यांची मुदत २०२२ पासून कायद्यात आली. तिला आव्हान दिलं गेलं आहे, पण तुम्ही त्या भरवशावर थांबू नका.

"गाडीचा इन्शुरन्स आहे ना!" हे वाक्य मी आठवड्याला चारदा ऐकतो. बहुतेकांकडे फक्त थर्ड पार्टी असते, म्हणजे तुमच्यामुळे इतरांचं झालेलं नुकसान. स्वतः चालवताना घसरलात तर त्यातून तुम्हाला काही मिळत नाही. तुमच्या मागे बसलेली बायकोसुद्धा त्या नुसत्या पॉलिसीत येत नाही. पॅकेज पॉलिसी असेल तर येते. गाडीमालक-चालकासाठीचं पंधरा लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण असतं, पण ते मृत्यूला, हातपाय किंवा डोळे गेल्यास आणि पूर्ण कायमच्या अपंगत्वाला मिळतं. अडलेल्या गुडघ्याला नाही. नव्वद हजारांची गाडी घेताना काही रुपये वाचवण्यासाठी लोक कोणत्या कागदावर सही करतात, ते त्यांना माझ्या टेबलाशी कळतं.

त्या साक्षीनंतर मी माझ्या दाखल्याचा नमुना बदलला. टक्क्यांच्या खाली आता मराठीत चार-पाच ओळी असतात. माणसाचा धंदा काय, त्या धंद्यात शरीराच्या कोणत्या हालचाली लागतात, त्यांतली कोणती आता होत नाही, आणि ती परत येण्याची शक्यता किती. परवा एका कुंभाराच्या मनगटाबद्दल लिहिताना मला त्याच्या चाकावर जाऊन बसावं लागलं. माती वर ओढताना मनगट कुठे वळतं हे मला माहीतच नव्हतं. एका ज्येष्ठ मित्राने टोकलं, "हे आपलं काम नाही. आपण टक्के लिहायचे." पूर्वी मीही हेच म्हणत असे.

श्रावणात तो फरशीवाला आला होता. आता दुसऱ्या ठेकेदाराकडे उभ्याने मशिनवर फरशा कापतो, निम्म्या मजुरीवर. त्याला प्लेटा काढायच्या होत्या. त्या काढल्यावर खाली बसता येईल का, असं त्याने विचारलं. मी नाही म्हटलं. थोडा वेळ तो गप्प बसला. उच्च न्यायालयात अपील केलं आहे, असं सांगितलं. मग म्हणाला, "आमच्या गल्लीतल्या एकाच्या कागदावर तुम्ही खाली चार ओळी लिवल्यात. माझ्या कागदावर तसलं काय न्हवतं."

मी त्याच दिवशी लिहून दिलं. धंदा, उकिडवं बसणं, गुडघा किती अंशांत अडतो, पुढे सुधारणा होण्याची शक्यता नाही. अपिलात नवा कागद दाखल करायला न्यायालयाची परवानगी लागते, ती मिळेलच असं नाही, असं त्याच्या वकिलांनी मला फोनवर सांगितलं. अर्ज दिला आहे. तारीख अजून पडलेली नाही.