उपचार मुलाचा, शिक्षण पालकांचे

अवधानाची कमतरता आणि अतिचंचलता यांचा जो विकार आता एडीएचडी या आद्याक्षरांनी ओळखला जातो, त्याचे तीन ते पाच वर्षांच्या मुलांमधील निदान मुळातच नाजूक असते, कारण एका जागी न बसणे, दुसऱ्याचे बोलणे मध्येच तोडणे आणि हातातले खेळणे अर्ध्यावर टाकून दुसऱ्याकडे धावणे हा त्या वयाचा स्वभावच आहे. ही चंचलता समवयस्कांच्या मानाने फारच जास्त असेल, सहा महिन्यांहून अधिक काळ टिकली असेल, घर आणि बालवाडी अशा किमान दोन ठिकाणी दिसत असेल आणि तिच्यामुळे मुलाच्या खेळण्यात, शिकण्यात व नात्यांत अडथळा येत असेल, तरच तज्ज्ञ विकाराचा विचार करतात. त्याआधी मुलाला नीट ऐकू येते का, घोरण्यामुळे त्याची झोप मोडते का, हेही पाहावे लागते, कारण झोप अपुरी झालेले लहान मूल मोठ्या माणसासारखे पेंगत नाही, उलट अधिकच उधळते.

निदान पक्के झाल्यावर या वयात पहिला उपचार कोणता, याविषयी आज फारसा मतभेद उरलेला नाही. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०११ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये चार ते सहा वर्षांच्या मुलांसाठी पालकांना वर्तन-व्यवस्थापनाचे प्रशिक्षण देणे हीच पहिली पायरी मानली. ब्रिटनमधील ‘नाइस’ या संस्थेने २०१८ मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी पालकांच्या गट-प्रशिक्षणाची शिफारस केली आणि या विषयातील दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेतल्याशिवाय औषध देऊ नये, असे बजावले. या सावधगिरीमागे अनुभव आहे. अमेरिकेत पूर्वशालेय मुलांवर झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात मेथिलफेनिडेट हे औषध उपयोगी ठरले खरे, परंतु त्याचा लाभ शाळकरी मुलांपेक्षा कमी होता, सुमारे ११ टक्के मुलांना दुष्परिणामांमुळे ते सोडावे लागले आणि काही काळ घेणाऱ्या मुलांची उंची व वजन अपेक्षेपेक्षा कमी वाढले. त्या अभ्यासातही औषधाआधी पालकांसाठी दहा सत्रांचे प्रशिक्षण ठेवलेले होते.

उपचार मुलाचा आणि शिक्षण पालकांचे, हे ऐकून अनेक आयांना आपल्यावर ठपका ठेवला जात असल्यासारखे वाटते, म्हणून एक गोष्ट निःसंदिग्धपणे सांगायला हवी : हा विकार संगोपनातील चुकीमुळे होत नाही, त्यात अनुवंशाचा वाटा फार मोठा आहे. मात्र मुलाच्या चंचलतेला घर कसा प्रतिसाद देते, यावर पुढचे बरेच काही ठरते. ओरेगनमधील मानसशास्त्रज्ञ जेराल्ड पॅटरसन यांनी कुटुंबांतील रोजचे व्यवहार बारकाईने टिपून ज्याला सक्तीचे चक्र म्हटले, ते कोणत्याही घरात ओळखू येईल. आई काही सांगते, मूल ऐकत नाही, आई आवाज चढवते, मूल जमिनीवर लोळण घेते, आणि शेवटी थकलेली आई ‘जाऊ दे’ म्हणून माघार घेते. त्या क्षणी आकांत केला की सुटका होते हे मूल शिकते आणि माघार घेतली की शांतता मिळते हे आई शिकते. पुढच्या वेळी आईने धपाटा घालून मुलाला गप्प केले, तर मारल्यावर काम होते हा धडाही त्याच चक्रात भर घालतो. दोघांपैकी कोणीच वाईट नसते, तरीही दोघे एकमेकांना रोज थोडे अधिक कठोर करत जातात.

हे चक्र मोडण्याची रीत वेगवेगळ्या कार्यक्रमांत थोड्याफार फरकाने सारखीच आहे. शीला आयबर्ग यांनी १९७० च्या दशकात आखलेल्या पालक-बालक आंतरक्रिया उपचारात पालक मुलाशी खेळत असतात आणि एकतर्फी आरशामागे बसलेला चिकित्सक त्यांच्या कानातील छोट्या यंत्रातून त्याच वेळी सूचना देत राहतो. सुरुवात शिस्तीपासून होत नाही. आधी खेळाचे नेतृत्व मुलाकडे द्यायचे, प्रश्न आणि हुकूम थांबवायचे, मूल जे करते आहे ते शब्दांत मांडायचे आणि नेमकी शाबासकी द्यायची. ‘शहाणा माझा’ यापेक्षा ‘ठोकळे हळू ठेवलेस, छान’ हे मुलाला अधिक कळते. नाते असे सावरल्यावर मग सूचनांची पाळी येते. ‘नीट वाग’ किंवा ‘किती वेळा सांगायचे तुला’ यांत मुलाने करण्याजोगे काहीच नसते. जवळ जाऊन, नजरेला नजर देऊन सांगितलेले ‘चमचा ताटात ठेव’ हे वाक्य मात्र पाळता येते. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांनाही या शिक्षणात सामील करून घेणे अत्यावश्यक आहे, कारण एकाच हट्टाला स्वयंपाकघरात नकार आणि ओसरीवर होकार मिळाला की सगळा प्रयत्न वाया जातो.

इंग्लंडच्या दक्षिणेकडील न्यू फॉरेस्ट परिसराचे नाव मिळालेला कार्यक्रम याहून एक पाऊल पुढे गेला. त्याच्याशी निगडित संशोधक एडमंड सोनुगा-बार्क यांच्या मते अशा अनेक मुलांना वाट पाहणेच असह्य होते. म्हणून तेथे खेळांतून क्षणाक्षणाने वाट पाहण्याची क्षमता वाढवली जाते. आपल्याकडच्या विषामृताच्या खेळात ‘विष’ मिळालेला गडी ‘अमृत’ मिळेपर्यंत थिजून राहतो, तो याच जातीचा सराव म्हणता येईल. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तीन वर्षांच्या ७८ मुलांचा समावेश होता. विशेष प्रशिक्षित आरोग्यसेविका आठ आठवडे घरी जाऊन पालकांना शिकवत होत्या आणि त्या गटातील ५३ टक्के मुलांत लक्षणीय सुधारणा दिसली.

तथापि या यशाची मर्यादा लपवणे पालकांवर अन्याय करणारे ठरेल. कोणत्या कुटुंबाला प्रशिक्षण मिळाले हे ठाऊक नसलेल्या निरीक्षकांनी मुलांना पारखले, तेव्हा पालकांचे वागणे सुधारल्याचे आणि मुलांचा हट्ट व आक्रमकता कमी झाल्याचे आढळले, पण अवधान व चंचलता या मूळ लक्षणांतील फरक स्पष्ट दिसला नाही, असा २०१४ मधील एकत्रित विश्लेषणाचा निष्कर्ष होता. म्हणून कोणी ‘मूल पूर्ण बरे करून देतो’ असे सांगत असेल, तर त्यावर विश्वास ठेवू नये. परंतु ज्या घरात दिवसाला दहा वेळा रडारड होते तेथे ती दोनवर येणे, ही लहान गोष्ट नव्हे. ज्या आईला स्वतःलाच या विकाराची तीव्र लक्षणे आहेत तिला या प्रशिक्षणाचा लाभ कमी मिळतो, हेही २००२ मध्ये दिसून आले. अशा आईला दोष न देता आधी तिला मदत द्यायला हवी.



महाराष्ट्रासाठी खरा प्रश्न शिकवणार कोण, हा आहे. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणी-यादीत हा विकार आहे आणि त्यातील मुलांसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची तरतूद आहे. तीन ते सहा वर्षांची मुले मात्र रोज भेटतात ती अंगणवाडी सेविकेला. हे काम तिच्याकडे सोपवण्याचा मोह साहजिक आहे. पण न्यू फॉरेस्टचाच कार्यक्रम २००४ मध्ये नेहमीच्या कामाचा भाग म्हणून, विशेषज्ञ नसलेल्या परिचारिकांकरवी राबवला गेला, तेव्हा आधीचा परिणाम मिळाला नव्हता. पोषण आहार, वजनांच्या नोंदी आणि सर्वेक्षणे सांभाळणाऱ्या सेविकेच्या हाती आणखी एक पुस्तिका देण्याआधी तिला शिकण्यासाठी वेळ, पाठीशी तज्ज्ञ आणि या कामाचे वेगळे मानधन दिले गेले पाहिजे.