आधी मुक्कामाला कोण?

नवी काचेची टाकी ज्या दिवशी सर्वांत स्वच्छ दिसते, त्याच दिवशी ती माशांसाठी सर्वांत धोक्याची असते. माझी सध्या त्याच अवस्थेतून चालली आहे. धुतलेली वाळू, क्लोरीन काढलेलं पाणी, अखंड गुरगुरणारा फिल्टर; मासा मात्र एकही नाही. तरीही मी रोज चिमूटभर माशांचं खाणं टाकतो. खायला कोणी नसतं, ते तळाशी कुजतं. ते कुजावं हाच हेतू.

कुजण्यातून अमोनिया निघतो. मासेही तो कल्ल्यांवाटे सोडत असतात. नदीत तो पसरून विरतो. टाकीत साचतो आणि माशांचेच कल्ले भाजतो. मग नायट्रोसोमोनस जातीचे जिवाणू येतात आणि त्याचं नायट्राइट करतात. तेही विषच: रक्तात शिरलं की हिमोग्लोबिनला प्राणवायू वाहता येत नाही, रक्त तपकिरी पडतं. शेवटी नायट्रोस्पिरा त्याचं नायट्रेट करतो, ते बरंच सौम्य. काही पाणवनस्पती खातात, उरलेलं पाणी बदलताना जातं.

ही मंडळी सावकाश वाढतात. अनुकूल परिस्थितीत काही जिवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतात. यांना कित्येक तास, कधी अख्खा दिवस लागतो. म्हणून महिना-दीड महिना थांबायचं. मित्राच्या जुन्या टाकीतला वापरलेला स्पंज मिळाला तर काम लवकर होतं. तेच आपलं विरजण. बाकी हातात एवढंच, की परीक्षानळीत थेंब टाकून रंग बघावा. अमोनियाचा हिरवा ओसरून पिवळा होतो, मग नायट्राइटचा जांभळा चढतो आणि तो उतरायची वाट पाहण्यात संध्याकाळी जातात.

१८५० मध्ये लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनतज्ज्ञानं गोल्डफिश, व्हॅलिसनेरिया आणि गोगलगायी एकत्र ठेवून पाण्याचा समतोल साधल्याचं मांडलं. वनस्पती प्राणवायू देतात, गोगलगायी कुजकी पानं फस्त करतात, असा त्याचा हिशेब. त्या हिशेबात जिवाणू नव्हते. पुढे त्याच्याच नावाच्या मुलानं रोथॅमस्टेडच्या प्रयोगशाळेत मातीतल्या नायट्रेटचा माग काढला आणि हे काम दोन टप्प्यांत, वेगवेगळ्या जिवांकडून होतं असं दाखवलं. १८९०च्या सुमारास विनोग्राद्स्कीनं झुरिकमध्ये ते जिवाणू वेगळे केले. बापाच्या पाण्यात जे मुकाट चाललं होतं, त्याचा पत्ता लेकाला शेतात लागला, याची मला फार गंमत वाटते.

आता फिल्टरच्या स्पंजवर तपकिरी, बुळबुळीत थर धरू लागलाय. घरातल्या कुणाचाही हात तो पाहताच नळाकडे वळतो. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीननं हे सारे जीव मरतील, म्हणून स्पंज मी टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलके पिळतो, अर्धवट मळका ठेवतो. आपली स्वच्छतेची कल्पना घासून-पुसून चकचकीत केलेल्या भांड्यावरून आलेली. मासे आले की सुरुवातीला चार-दोनच आणायचे. कारण जिवाणू जेवढं अन्न मिळतं तेवढेच वाढतात, आणि एकदम आलेला गोतावळा त्यांना झेपत नाही. राहण्याजोगी जागा नुसती धुऊन होत नाही. तिथे आधी कोणीतरी राहावं लागतं.